पंच पायी शाळेला निघाले

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की आजचे म्हातारे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. तेव्हा दुसरे म्हातारे होते. पण होते अगदी असेच, एवढं लक्षात ठेवलंत, लहानथोरांनो, तर पुढचं समजायला सोपं जाईल.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं. गाव एकच, पण वाड्या दोन. वरच्या वाडीत बागायतदार राहायचे. त्यांच्या दारात बैलगाड्या होत्या, आणि दारात गाडी आहे म्हणून ते कुठेही गाडीतूनच जायचे. शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तरी बैल जुंपायचे. जुंपून होईपर्यंत दूध नासायचं. खालच्या वाडीत कुंभार, विणकर, बुरूड आणि मोलमजुरी करणारी माणसं राहायची. त्यांच्याकडे गाड्या नव्हत्या. पाय होते.

दोन्ही वाड्यांच्या मधून बंदराकडे जाणारा हमरस्ता होता. उजाडल्यापासून त्याच्यावरून मिठाच्या, कापसाच्या, कांद्याच्या गाड्या धावायच्या. चाकं पुरुषाच्या छातीइतकी उंच, आणि गाडीवान असे घाईत, की जणू बंदर संध्याकाळी उचलून नेणार आहेत.

वरच्या वाडीची पोरं खालच्या वाडीच्या पोरांशी खेळत नसत. का खेळत नसत, हे कुणालाच सांगता यायचं नाही. पण खेळत नसत, हे मात्र प्रत्येकाला पाठ होतं.

या गावाची एक रीत होती, आणि ती मात्र शहाणपणाची होती. गावासाठी कुठलीही जागा ठरवायची, तर पंचांनी तिथे स्वतः जाऊन यायचं. तेही पंचांसारखं नाही. ज्याला ती जागा वापरायची आहे, त्याच्यासारखं. विहिरीची जागा ठरली तेव्हा पंच भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन घरापर्यंत आले होते. म्हणूनच विहीर जवळ होती आणि वाट सपाट होती. स्मशानाची जागा ठरवताना एका पंचाला तिरडीवर बांधून नेलं. खांदेकऱ्यांनी वाट इतकी अलगद काढली, की पंचांना तिरडीवरच झोप लागली. उठवायला गेले तर म्हणाले, "जागा चांगली आहे. जरा पडू द्या अजून."

अशा गावात गोदा नावाची एक तरुण मुलगी होती. खालच्या वाडीतल्या विणकराची. लहानपणीच ती राजधानीत मामाकडे राहायला गेली आणि तिथे लिहायला-वाचायला, हिशेब करायला आणि मोठ्यांना उलट बोलायला शिकली. शेवटची विद्या तिला शिकवावी लागली नव्हती, असं तिची आई म्हणायची.

एके वर्षी राजाने दवंडी पिटवली. प्रत्येक गावाला एक शाळा मिळेल. शाळा एकच, आणि गावातली सगळी पोरं एका चटईवर बसली पाहिजेत. दसरा झाला की राजाचा अधिकारी येऊन पाहील. पोरं एकत्र बसलेली दिसली तर शाळा राहील. नाही दिसली तर शाळा उचलून दुसऱ्या गावाला देण्यात येईल, मास्तरासकट.

या गावासाठी मास्तरीण म्हणून राजाने गोदालाच धाडलं.

गोदा घरी आली, तेव्हा दारात तिची भाची उभी होती. तिचं नाव ठमी. वय सात, कडेवर धाकटा भाऊ बंड्या. आई-बाप मजुरीला जायचे, म्हणून बंड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठमीच्या कडेवर असायचा. त्याचं वजन रोज वाढत होतं आणि ठमी रोज थोडी वाकडी होत होती. आत्याने मागच्या खेपेला तिला एक पाटी आणली होती आणि एक अक्षर शिकवलं होतं. ठमीने ते अक्षर पाटीवर, भिंतीवर, केळीच्या पानावर आणि बंड्याच्या पोटावर काढून ठेवलं होतं.

"आत्या, दुसरं कधी?" तिने विचारलं.

"शाळा झाली की," गोदा म्हणाली.

म्हणजे शाळा गेली, तर ठमीला आयुष्यभर एकाच अक्षरावर भागवावं लागणार होतं. हे गोदाच्या मनात असं रुतून बसलं, की ती पाणीही न पिता तशीच चावडीकडे निघाली.

चावडी हमरस्त्याच्या वरच्या कडेला होती, पिंपळाखाली. ऐसपैस ओटा, वर कौलं, दिवसभर सावली. वरून येणारी पायवाट आणि खालून येणारी पायवाट तिथेच रस्त्याला मिळायच्या. तिथे तीन पंच बसायचे. थोरले ते आबा. त्यांच्या हातात काठी आणि तोंडात "नाही". मधले ते तात्या. ते डोळे मिटून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "झोपलो नाही, विचार करतोय." आणि धाकटे ते नाना. नाना सत्तरीचे होते, पण आधीचे दोघे हयात होते म्हणून ते अजून धाकटेच. जो शेवटी बोलेल त्याचं बरोबर, असं नानांचं ठाम मत होतं.

"शाळा टेकडीवर करू," आबा म्हणाले. "माथ्यावर. हवा मोकळी, जागा उंच. विद्या उंचावर शोभते."

"आणि तुमची आमराई तिथेच आहे," गोदा म्हणाली.

"योगायोग."

"योगायोगच," नाना म्हणाले.

"खालच्या वाडीच्या पोरांनी टेकडी कशी चढायची? कडेवर भावंडं घेऊन?"

"त्यांना चालायची सवय असते."

"सवय नसते, आबा. गाडी नसते."

"तेही खरंच," नाना म्हणाले. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे, सवय असतेच," नाना म्हणाले.

गोदाचा धीर संपायला वेळ लागत नसे. ती म्हणाली, "मीच सांगते. शाळा ओढ्याकाठी करा. सपाट जागा, पाणी जवळ, झाडं आहेत."

"आणि तुझ्या आईचं घर?"

"शेजारीच."

"योगायोग," आबा म्हणाले. "बरं, आषाढात ओढा कुठवर येतो गं?"

गोदाचे कान लाल झाले. "आमच्या चुलीपर्यंत."

"मग पोरं काय होडीत बसून शिकणार?"

तिन्ही पंच पोट धरून हसले. तात्या तर डोळे न उघडताच हसले. गोदाने ओठ चावला. म्हातारे कधी कधी बरोबर असतात, हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त खटकायची.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ओढा नको. पण टेकडी ठरवायची तर रीत पाळा. पोरांसारखं शाळेत जाऊन दाखवा."

"जाऊ की. त्यात काय?" आबा म्हणाले. "उद्याच जाऊ. गाडीतून."

"गाडीतून का?"

"माझा नातू गाडीतूनच जाणार. पोरासारखं जा म्हणतेस, मग पोरासारखंच जातो आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच पोरांसारखे गाडीत बसले. मध्ये आबांचा नातू, त्याच्या मांडीवर त्याचा खाऊ. पण बातमी वाडीभर झाली होती. आबांचा नातू गाडीतून शाळेला जाणार म्हटल्यावर मागे राहायला कुणाची तयारी? घरोघरी बैल जुंपले गेले. टेकडीवर जायला एकच पाणंद, दोन्ही बाजूंना निवडुंगाचं कुंपण, आणि एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी.

अर्ध्या चढावर आबांचे बैल थांबले. तीन पंच, एक नातू आणि त्याचा खाऊ हे ओझं त्यांना मान्य नव्हतं. मागे अख्खी वाडी थांबली. तेवढ्यात वरून कडब्याची एक गाडी खाली आली आणि तीही थांबली. बैलांची शिंगं एकमेकांत अडकली, गाडीवानांची तोंडं सुटली. कुणी म्हणे मागे घे, कुणी म्हणे पुढे घे. मागे जागा नव्हती आणि पुढे कडबा होता. मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीतल्या पोरांच्या टोप्या चाटू लागले.

गोदा आणि ठमी कुंपणाच्या कडेने चालत वर आल्या. कडेवर बंड्या होताच.

"राम राम, आबा," गोदा म्हणाली.

आबांनी तोंड निवडुंगाकडे फिरवलं.

ठमी धापा टाकत माथ्यापर्यंत गेली. वाटेत चारदा बसली. वर दोघींनी पेरू खाल्ले, गाव बघितलं आणि परत निघाल्या. आबा होते तिथेच होते.

"राम राम, आबा," गोदा म्हणाली. "शाळा सुटली."

दुपारी कशीबशी कोंडी सुटली. संध्याकाळी आबा चावडीवर कंबर शेकत म्हणाले, "टेकडीवर वारा फार आहे. पोरांना बाधेल."

"बाधेलच," नाना म्हणाले.

आता गोदाला वाटलं, म्हातारे ताळ्यावर आले. पण ते इतक्या लवकर ताळ्यावर येत नसतात. दुसऱ्या दिवशी आबांनी तिला बोलावून घेतलं. चेहऱ्यावर असं तेज होतं, की जणू त्यांनी नदीच उलटी वळवली आहे.

"सगळे प्रश्न मिटवलेत," ते म्हणाले. "शाळा रस्त्यावर करू."

"रस्त्याकडेला?"

"रस्त्यावर. रस्त्याच्या अलीकडे आपली पोरं बसतील, पलीकडे तुमची. वरच्यांना खाली जायला नको, खालच्यांना वर यायला नको. कुणाला चालणं नाही, कुणाला चढणं नाही. शाळा एकच. राजा खूश."

"आणि चटई?"

"चटईही एकच. फक्त मधून रस्ता जाईल."

गोदाने खोल श्वास घेतला. "आणि मी कुठे बसायचं?"

"बसायचं नाही. मधोमध उभं राहायचं. म्हणजे दोन्हीकडे ऐकू जाईल."

"गाड्या येतील तेव्हा?"

"बाजूला व्हायचं. एवढी शिकली आहेस ना?"

गोदाच्या जिभेवर त्या वेळी जे आलं, ते लहान मुलांच्या गोष्टीत सांगता येणार नाही. पण ते तिने गिळलं. मग ती हसली. ती हसली की घरातली माणसं भांडी आवरून घ्यायची. पंचांना हे ठाऊक नव्हतं.

"छान," ती म्हणाली. "मग रीत पाळू. नानांनी वरच्या वाडीच्या पोरासारखं यायचं. तात्यांनी खालच्या वाडीच्या पोरासारखं. आणि आबा, शाळेची जागा मास्तरही वापरतो. तुम्ही माझ्या जागेवर उभे राहा."

"मी?"

"रीत आहे," गोदा म्हणाली.

"रीत तर आहे," नाना म्हणाले.

ठरलेल्या सकाळी तात्या खालच्या वाडीच्या शेवटच्या घरी पोचले. शेवटचं घर ठमीचं. ठमीने त्यांना खालून वर पाहिलं.

"वहाणा काढा, आजोबा."

"का गं?"

"आमच्याकडे नसतात."

तात्यांनी वहाणा काढल्या.

"आता बंड्याला घ्या. डाव्या कडेवर. उजव्या हाताला पाटी लागते."

तात्यांनी बंड्याला घेतलं. बंड्याने त्यांची मिशी धरली आणि रस्ता येईपर्यंत सोडली नाही. वाटेत ओढ्याचे गुळगुळीत दगड होते, बुरुडांच्या दारात बांबूच्या काड्या पडल्या होत्या. तात्या दर दोन पावलांनी "आई गं" म्हणत होते. वाटेतल्या घरांतून बायका बाहेर येऊन बघत होत्या. एकीने विचारलं, "ठमे, हे कोण गं?" ठमी म्हणाली, "हे नवीन आहेत. रडत नाहीत, पण हळू चालतात."

रस्त्याच्या खालच्या कडेला सगळी पोरं बसली. तात्याही बसले, मांडीवर बंड्या. समोरच्या कडेला वरच्या वाडीची पोरं होती, त्यांच्यात नाना. पोरांच्या गाड्या मागे दाटीने उभ्या होत्या. आणि मधोमध, हमरस्त्यावर, हातात फळा घेऊन आबा.

"हं," आबा म्हणाले. "आज आपण—"

मिठाची गाडी आली. आबा बाजूला झाले. गाडी गेली. आबा पुन्हा मधे आले.

"आज आपण अक्षर—"

कापसाची गाडी आली. तिच्यामागे कांद्याची. तिच्यामागे बैलांचा अख्खा तांडा, गळ्यात घंटा. फुफाटा असा उठला, की आबा कुठे आणि बैल कुठे हे कळेना. त्या फुफाट्यातून आबांचं ओरडणं तेवढं येत होतं. पोरं आधी हसली, मग खोकली, मग खोकता खोकता हसली. एक गाडीवान आबांना म्हणाला, "म्हातारबा, वाट चुकलात का?" आबांनी त्याला काठी दाखवली. तोवर तो अर्ध्या कोसावर गेला होता.

"ऐकू येत नाही!" नाना वरच्या कडेवरून ओरडले.

"ऐकू येत नाही!" खालची पोरं ओरडली.

आबा बेंबीच्या देठापासून ओरडू लागले. घशातून आवाज येईना, तेव्हा त्यांनी फळ्यावर खडूने मोठं अक्षर काढलं आणि फळा उंच धरला. धरला तो आपल्या नातवाकडे तोंड करून. त्यात त्यांची लबाडी नव्हती. पाहायचं असतं ते त्या बाजूला, एवढीच त्यांच्या हाताला सवय होती. खालच्या पोरांना फळ्याची पाठ दिसत होती.

तिकडे ठमी तात्यांना समजावून सांगत होती. "बैलांच्या मानेकडे बघायचं, आजोबा. मान खाली असली तर गाडी भरलेली. ती थांबत नाही. मान वर असली तर रिकामी. ती जोरात येते, तीही थांबत नाही."

"मग रस्ता ओलांडायचा कधी?"

"दोन्हींच्या मधे. पळत."

आणि एवढं सांगून ठमीने फळ्याकडे पाहिलं. त्या पाठीमागे दुसरं अक्षर होतं. ज्याची ती कधीपासून वाट पाहत होती, ते तिथे होतं, आणि वरची पोरं ते पाटीवर उतरवून घेत होती. ठमी उठली. बैलांच्या मानेकडे न बघता, पाटी छातीशी धरून, ती रस्त्यात शिरली.

गोदा पिंपळाखाली उभी होती. तिने ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघण्याआधीच मिठाची भरलेली गाडी फुफाट्यातून बाहेर आली. बैलांच्या माना खाली होत्या.

तात्या कधी उठले, हे तात्यांनाही नंतर सांगता आलं नाही. बंड्या कडेवर तसाच, पाय अनवाणी. त्यांनी एका झेपेत ठमीची वेणी धरली आणि तिला मागे खेचलं. तिघेही कडेच्या मातीत पडले. चाक पाटीवरून गेलं. पाटीचा असा आवाज झाला, की दोन्ही कडांची पोरं दचकून उठली.

गाडी पुढे गेली आणि मग सगळी पोरं एकदम रडत, ओरडत पळाली. जी वरची होती ती, जी खालची होती तीही. संकटात पोर जिथे सावली आणि छप्पर दिसेल तिथे पळतं. सगळी चावडीवर चढली. कुणी कुणाच्या अंगावर पडलं, कुणी कुणाच्या कुशीत शिरलं, आणि कोण कुठल्या वाडीचं, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

पाठोपाठ तात्या आले. त्यांच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. ठमीला त्यांनी सोडलंच नव्हतं. गोदाने तिला जवळ घेतलं. ठमीने पहिली गोष्ट विचारली ती ही, "आत्या, काय होतं ते अक्षर?"

गोदाने सांगण्याआधीच तात्या बोलले. त्यांचे डोळे टक्क उघडे होते.

"शाळा इथे होईल."

"इथे कुठे?" नानांनी विचारलं.

"इथेच. आपण बसतो तिथे. रोज ही पोरं माझ्या डोळ्यांसमोर रस्त्यात पळतात. आणि मी इथे सावलीत बसून विचार करत असतो." त्यांनी बंड्याची मूठ आपल्या मिशीतून सोडवली. "खालून इथवर मी चालत आलो. नाना, तुम्ही वरून?"

"गाडीतून निघालो होतो," नाना म्हणाले. "पण गाडी लावायला जागाच नव्हती. शेवटी चालत आलो. चालत लवकर आलो."

"झालं मग. रीत पुरी झाली."

"पण चावडीवर शाळा, मग आपण बसायचं कुठे?"

हा प्रश्न गावात आजवर कुणाला पडलाच नव्हता. गावातली सगळ्यात सपाट, सगळ्यात थंड, दोन्ही वाड्यांना सारख्याच अंतरावरची ती जागा होती. पण शाळेसाठी जागा शोधताना ती कुणालाच दिसली नव्हती. गोदालासुद्धा नाही, आणि याचा तिला फार राग आला. ती जागा पंचांची होती, म्हणून ती जागाच नव्हती.

आबा चावडीच्या पायरीवर आले आणि त्यांनी "नाही" म्हणायला तोंड उघडलं. पण सकाळभर गाड्यांशी ओरडून त्यांच्या घशात काही उरलं नव्हतं. तोंडातून नुसती हवा आली. त्यांनी दोन्ही हात हलवले, काठी आपटली, पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा हवा.

नाना गोंधळले. त्यांना कुणाचं तरी शेवटचं बोलणं हवं होतं. "आबा काय म्हणतात?"

गोदाने आबांकडे नीट पाहिलं. "काहीच म्हणत नाहीत."

"काहीच म्हणत नाहीत," नानांनी जाहीर केलं. "म्हणजे ठरलं."

आबा त्या दिवशी पायी घरी गेले आणि रुसून बसले. गुळाचं पाणी, ज्येष्ठमध, आल्याचा काढा असं करत करत त्यांचा आवाज परत आला, तेव्हा ते तडक चावडीवर आले. आधी काठी, मग आबा. पण ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. चटईवर पोरं खेटून बसली होती. आबांचा नातू कुंभाराच्या पोराला खेटून होता, आणि त्याच्या पाटीच्या अर्ध्या भागावर ठमी अक्षर गिरवत होती. तिची पाटी फुटली होती ना.

"ऊठ!" आबा नातवाला म्हणाले.

"शू!" नातू म्हणाला. "हळू बोला, आजोबा. तिचं बिघडेल."

आबांना आयुष्यात कुणी "शू" म्हटलं नव्हतं. बसायला जागा नाही आणि घरी जायला तोंड नाही, म्हणून ते रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तेवढ्यात खालच्या वाडीची दोन उशिराची पोरं पलीकडे आली, आणि इकडून कांद्याची गाडी. आबा आधीच चिडलेले. त्यांनी काठी आडवी धरली आणि नवीन आलेल्या आवाजात गरजले, "थांब!"

गाडी थांबली.

आबांनी गाडीकडे पाहिलं. मग काठीकडे पाहिलं. पोरं रस्ता ओलांडून गेली. आबांनी काठी खाली घेतली. गाडी गेली. लगेच दुसरी आली. "थांब!" दुसरीही थांबली. पलीकडे कुणीच नव्हतं, पण आबांना राहवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी हजर होते. जन्मभर त्यांनी माणसांना "नाही" म्हटलं होतं आणि माणसं मनातून वैतागली होती. आता त्याच "नाही"ने बैल थांबत होते आणि पोरं जगत होती. त्यांनी नियम केला. रस्ता ओलांडताना शेजारी जो असेल त्याचा हात धरायचा. कुणाचा, ते विचारायचं नाही, वेळ जातो. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला नाना उभे राहिले, कारण आबा म्हणाले उभे राहा. तात्या चावडीच्या पायरीवर बंड्यासकट सगळी कडेवरची भावंडं सांभाळू लागले, म्हणजे मोठ्या बहिणींना शिकायला दोन्ही हात मोकळे मिळाले. डोळे मिटायला त्यांना आता सवड नव्हती. मिटले की मिशी ओढली जायची.

एकदा वरच्या वाडीतून एक गाडी थेट चावडीपर्यंत आली. आबांनी काठी आडवी केली.

"मामंजी, मी आहे!" आतून आवाज आला. "तुमची सून!"

"सून घरी," आबा म्हणाले. "इथे तू गाडी आहेस. मागे घे."

तेव्हापासून वरच्या वाडीची पोरंही चालत येऊ लागली.

दसरा झाला आणि राजाचा अधिकारी आला, झालरी लावलेल्या छकड्यातून. दुपारची वेळ होती. पोरं पाट्या धुवायला ओढ्यावर निघाली होती. अधिकाऱ्याच्या छकड्यासमोर अचानक एक काठी आडवी आली.

"थांब!"

"अरे, कोण हा म्हातारा?" अधिकारी ओरडला. "मी राजाचा माणूस आहे!"

"असाल," आबा म्हणाले. "पोरं जाऊ देत आधी."

पोरं निघाली. जोडीजोडीने, हातात हात, दुसऱ्या हातात पाट्या. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले, नाकांवर खडू. ठमी आबांच्या नातवाचा हात धरून त्याला बैलांच्या मानांबद्दल काहीतरी समजावत होती. ओळ लांबलचक होती. अधिकारी चुळबुळ करत बघत राहिला.

"मला चटईवर एकत्र बसलेली पोरं बघायची आहेत," तो म्हणाला. "यातली वरच्या वाडीची कोणती आणि खालच्या वाडीची कोणती?"

गोदा ओळीच्या शेवटी होती. तिने हे ऐकलं आणि ती जागच्या जागी थांबली. आबा आता काय बोलतील ते तिला ठाऊक होतं, आणि त्यावरचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं, तिखटमीठ लावून.

आबांनी ओळीवरून नजर फिरवली. एके काळी ते नुसत्या चालण्यावरून वाडी ओळखायचे. त्यांनी डोळे बारीक केले. पुन्हा पहिल्यापासून बघत आले.

"सांगता यायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "सगळी सारखीच वात्रट आहेत."

गोदाला तयार ठेवलेलं उत्तर गिळावं लागलं. ते तिला फार गोड लागलं.

अधिकारी हसला. "मग आत येऊन बघायचं काही उरलंच नाही," तो म्हणाला. "शाळा तुमची." आणि त्याने गाडीवानाला छकडा वळवायला सांगितलं.

"वळवायचा तर पलीकडे जाऊन," आबा म्हणाले. "इथे शाळा आहे."

शाळा त्या गावात राहिली. ठमीला सगळी अक्षरं आली, आणि तिने ती बंड्याच्या पोटावर एकामागून एक काढून घेतली, मावतील तेवढी. पुढे बंड्याही त्याच चटईवर बसला. मधे रस्ता नसलेल्या चटईवर.

लहानथोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: ज्यांना रोज त्या वाटेने जायचं आहे, त्यांच्याबरोबर ती वाट चालल्याशिवाय कुणीही दुसऱ्यांसाठी जागा ठरवू नये.